निरोप सुटण्याआधी

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. उत्तरं देणारी व्यक्ती मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणा बांधण्याचं काम करते.)

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं, की ठिकाण, वेळ किंवा तुमची एखादी कृती ओळखून आपोआप येणाऱ्या मेसेजबद्दल काहीही विचारा. पत्रं पुष्कळ आली आणि त्यातली बहुतेक वैतागून लिहिलेली होती. जागेअभावी ती थोडी छोटी केली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. रोजच्या बसच्या वाटेवर एक संग्रहालय लागतं. पूर्वी एकदा तिथे गेले होते तेव्हा त्यांचं ॲप घेतलं होतं. आता बस त्या इमारतीवरून गेली की ‘तुमचं स्वागत आहे, तिकीट इथे काढा’ असा मेसेज येतो. कधी अगदी समोर असताना, कधी दोन थांबे पुढे गेल्यावर, कधी येतच नाही. मी तिथे आहे हे त्यांना कळतं कसं? आणि ते कळतं, तर मी उतरणार नाही हे का कळत नाही?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आमच्या धंद्यातल्या माणसांनी रोज सकाळी एकदा स्वतःला विचारायला हवा. आधी ‘कसं कळतं’ ते सांगते.

संग्रहालयाने नकाशावर स्वतःभोवती एक वर्तुळ आखलेलं असतं. आम्ही त्याला जिओफेन्स म्हणतो. अक्षांश, रेखांश आणि त्रिज्या, बस, एवढंच ते असतं. ॲप हे वर्तुळ फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवतं आणि सांगतं, की फोन याच्या आत आला किंवा बाहेर गेला तर मला उठव. मग ॲप झोपून जातं आणि लक्ष सिस्टीम ठेवते.

आता सिस्टीम सतत जीपीएस चालू ठेवत नाही. ठेवलं तर बॅटरी दुपारपर्यंत संपेल. ती आसपासचे वाय-फाय आणि मोबाइल टॉवर यांच्यावरून अंदाज बांधते. आसपास वाय-फाय असेल तर हा अंदाज साधारण २० ते ५० मीटरपर्यंत बरोबर येतो. मोकळ्या माळावर, जिथे टॉवर दूरदूर आहेत, तिथे तो काही किलोमीटरनेही चुकू शकतो. म्हणूनच अँड्रॉइडचा अधिकृत सल्ला आहे, की वर्तुळाची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवा. माझ्याकडे येणारे लोक मात्र हटकून विचारतात, ‘दहा मीटर नाही का करता येणार? फक्त दारातून आत येणाऱ्यालाच मेसेज जायला हवा.’ नाही करता येत. दीडशे मीटरच्या वर्तुळात रस्ता येतो, समोरचा बसथांबा येतो आणि खिडकीत बसलेल्या तुम्हीही येता.

दोन थांबे पुढे गेल्यावर का येतो, याचंही कारण आहे. अँड्रॉइडला वर्तुळ ओलांडल्याचं कळायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर सहापर्यंतही. आयफोनची रीत वेगळी आहे. सीमा ओलांडून फोन थोडा आत जाऊन किमान २० सेकंद तिथे राहिला, तरच तो ‘आत आला’ म्हणतो. हेतू असा, की सीमेवर रेंगाळणाऱ्या माणसाला आत-बाहेर, आत-बाहेर असे मेसेज जाऊ नयेत. पण बस जोरात निघाली तर वीस सेकंद भरण्याआधीच तुम्ही पार झालेल्या असता. तुम्हाला कधीकधी काहीच येत नाही ते यामुळेही असेल.

आता दुसरा भाग. तुम्ही उतरणार नाही हे कळण्याचा मार्ग नाही, पण तुम्ही *थांबला* नाहीत हे कळण्याचा मार्ग नक्की आहे. अँड्रॉइडमध्ये ‘आत आला’ आणि ‘बाहेर गेला’ यांच्या जोडीला तिसरी एक खूण मिळते : आत येऊन ठरावीक वेळ राहिला. पाच मिनिटं राहिला तरच मेसेज पाठव, एवढी एक अट घातली असती तर बसमधले सगळे प्रवासी आपोआप गळले असते. संग्रहालयाच्या ॲपने ती घातलेली नाही. कोणीतरी सोपा पर्याय निवडला, चाचणीत मेसेज आला, सगळे खूश झाले आणि काम संपलं.

त्यांच्याकडे तुमच्या बसप्रवासाची नोंद आहे का, हे ॲप कसं बांधलंय यावर अवलंबून आहे. वर्तुळ फोनमध्ये उतरवून फोननेच तुलना केली आणि मेसेजही फोननेच दाखवला, तर तुमचं ठिकाण फोनबाहेर जायची गरजच नसते. उलट फोन दर थोड्या वेळाने ठिकाण सर्व्हरला कळवतो आणि तुलना सर्व्हर करतो अशी रचना असेल, तर तुमचा रोजचा रस्ता कुठेतरी साठतो आहे. येणारा मेसेज दोन्हींत अक्षरशः सारखाच दिसतो. मला स्वतःला दुसरी पद्धत आवडत नाही आणि बहुतेक वेळा तिची गरजही नसते. अडचण आली तर ती मोजणीची येते. आयफोन एका ॲपला एका वेळी २० वर्तुळांवरच लक्ष ठेवू देतो, अँड्रॉइड १००. शेकडो शाखा असलेल्यांना जवळची तेवढीच निवडून फोनला द्यावी लागतात आणि माणूस हलला की बदलावी लागतात. काम वाढतं, म्हणून ‘सगळं सर्व्हरवरच करू’ असं ठरतं.

तुम्ही करायचं ते सोपं आहे. सेटिंगमध्ये त्या ॲपची ठिकाणाची परवानगी ‘नेहमी’ अशी असेल, ती ‘फक्त ॲप वापरताना’ अशी करा. ॲप उघडलेलं नसताना त्याला तुमचा पत्ता लागणार नाही. पुन्हा संग्रहालयात जाल तेव्हा ॲप उघडलंत की सगळं चालेल.

प्रश्न : मध्यंतरी आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी म्हणून आमच्या खोलीतले सगळे फोन एकदम कर्कश वाजले. म्हणजे आम्ही सगळे तिथे आहोत हे कोणाला तरी माहीत होतं?

उत्तर : नाही. आजच्या सगळ्या पत्रांत ही एकच यंत्रणा अशी आहे, जिला तुमच्याबद्दल काहीच ठाऊक नसतं. तिचं नाव सेल ब्रॉडकास्ट. टॉवर आपल्या हद्दीत एक इशारा सोडतो आणि तिथले चालू असलेले सगळे फोन तो ऐकतात. नंबरांची यादी नसते. कोणी ऐकला याची पोच टॉवरकडे परत जात नाही. रेडिओ लावल्यावर आकाशवाणीला तुमचं नाव कळत नाही, तसंच हे. याचं पहिलं प्रात्यक्षिक १९९७ मध्ये पॅरिसमध्ये झालं. आता काही देशांत इशाऱ्यासोबत धोक्याच्या भागाची सीमाही पाठवतात आणि आपण त्या सीमेत आहोत का हे फोन स्वतःच तपासतो. तिथेही उत्तर फोनमध्येच राहतं.

प्रश्न : आमच्या संस्थेचं वार्तापत्र मी ईमेलने पाठवतो. ज्यांनी ते उघडलं नाही त्यांना तीन दिवसांनी ‘आपण अजून वाचलं नाहीत’ असं स्मरणपत्र आपोआप जातं. एका ज्येष्ठ सभासदांनी रागाने कळवलं, की मी पहिल्याच दिवशी पूर्ण वाचलं होतं. उलट ज्यांचा ईमेल बंद पडल्याचं मला माहीत आहे, त्यांच्या नावापुढे ‘उघडलं’ अशी खूण दिसते. यंत्रणा बिघडली आहे का?

उत्तर : यंत्रणा ठीक आहे, खूणच खोटी आहे.

तुमच्या पत्रात तळाला एक चित्र दडवलेलं असतं, एका ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं. वाचणाऱ्याच्या ईमेल ॲपने ते चित्र सर्व्हरवरून मागवलं की नोंद होते, ‘उघडलं’. ज्येष्ठ सभासदांच्या ॲपमध्ये चित्रं आपोआप न दाखवण्याची सोय चालू असणार. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं तरी चित्र मागवलं गेलं नाही. दुसऱ्या बाजूला ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये एक सोय आणली. ती निवडलेल्या माणसाच्या पत्रातली चित्रं ॲपल आपल्या सर्व्हरमार्फत आधीच मागवून ठेवतं, पत्र वाचलं जावो न जावो. त्या दिवसापासून ‘उघडलं’ या खुणेवर काही उभारणं म्हणजे वाळूवर भिंत बांधणं आहे.

तुमचे सभासद ज्येष्ठ आहेत आणि तुम्ही त्यांना ‘आपण वाचलं नाहीत’ असं लिहिता. ते खरं असतं तरी लिहायला नको होतं. कोणी काय वाचलं यावर नजर असल्याचं त्यात उघड होतं. स्मरणपत्र हवंच असेल तर ते कृतीवर बांधा : सभेला येणार असल्याचं कळवलं का, वर्गणीचा अर्ज भरला का. ज्यांनी ते केलं नाही, त्यांना ‘सभा अमुक तारखेला आहे, येणार असाल तर कळवा’ एवढंच जाऊ द्या.

प्रश्न : माझा दवाखाना आहे. अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी रुग्णांना आपोआप एसएमएस जातो. ज्यांनी वेळ रद्द केली त्यांनाही तो जातो. काहींना दोनदा जातो. एका रुग्णाच्या फोनवरचा मेसेज घरच्यांनी वाचला आणि तो कुठल्या तपासणीला येतो हे नको त्यांना कळलं. शिवाय इंग्रजीऐवजी मराठीत पाठवायला लागल्यापासून बिल वाढलं आहे. सॉफ्टवेअर देणारे म्हणतात, सगळं नियमाप्रमाणे चालू आहे.

उत्तर : डॉक्टर, तुमच्या पत्रात चार वेगवेगळे आजार आहेत.

रद्द केलेल्यांना मेसेज जातो, कारण तुमचं सॉफ्टवेअर अपॉइंटमेंट दिली त्याच वेळी मेसेज तयार करून रांगेत टाकतं. ‘अमुक यांची उद्या अकराची वेळ’ असा पूर्ण मजकूर तिथे दिवसेंदिवस पडून असतो. रुग्णाने वेळ रद्द केली की तुमच्या वहीत फरक पडतो. रांगेला त्याचा पत्ता नसतो. यावर काहीजण उपाय करतात, की रद्द झाल्यावर रांगेतूनही काढायचं. तो अर्धवट उपाय आहे. वेळ बदलली, डॉक्टर बदलले, नंबर बदलला, अशा प्रत्येक बदलासाठी वेगळं खोडकाम करावं लागतं आणि त्यातलं एक हमखास राहतं.

त्यापेक्षा रांगेत मजकूर ठेवायचाच नाही. ठेवायचा फक्त अपॉइंटमेंटचा क्रमांक. पाठवायची घटका आली की यंत्रणेने वही उघडायची, त्या क्रमांकासमोर *आत्ता* काय लिहिलंय ते बघायचं आणि मग ठरवायचं, की मेसेज पाठवायचा का, कोणाला आणि काय लिहून. रद्द असेल तर गप्प बसायचं. सॉफ्टवेअरवाल्यांना एवढंच विचारा : ‘मेसेज सुटण्याच्या क्षणी तुम्ही पुन्हा तपासता का?’ उत्तर द्यायला ते घुटमळले तर दुखणं तिथेच आहे. मी नवीन यंत्रणा बघते तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारते. इतर सगळे प्रश्न नंतर.

दोनदा जाण्याचं कारण बहुधा असं असतं. तुमचा सर्व्हर मेसेज मोबाइल कंपनीच्या दारात नेऊन देतो आणि पोच मिळण्याची वाट बघतो. पोच आली नाही, की तो समजतो पोचला नाही, आणि परत पाठवतो. प्रत्यक्षात मेसेज पोचलेला असतो, पोच तेवढी वाटेत हरवलेली असते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक मेसेजला एक ठरलेली ओळख द्यायची. अपॉइंटमेंटचा क्रमांक, तारीख आणि ‘आदल्या दिवशीची आठवण’ हे तिन्ही जोडून ती बनवायची. त्या ओळखीचा मेसेज आधी गेला असेल तर दुसरा जाऊ द्यायचा नाही. ओळख दर प्रयत्नाला नवी बनवली तर काही उपयोग नाही, आणि हे पुष्कळ ठिकाणी होताना दिसतं.

तरी एक फट उरतेच. ‘गेला’ अशी नोंद आधी करून मग पाठवला, तर मधल्या क्षणी सर्व्हर बंद पडल्यास मेसेज बुडतो. आधी पाठवून मग नोंद केली, तर तो दोनदा जाऊ शकतो. आठवण बुडण्यापेक्षा दोनदा गेलेली बरी, असं मी अपॉइंटमेंटच्या बाबतीत म्हणेन. ‘अमुक रक्कम भरा’ अशा मेसेजच्या बाबतीत नेमकं उलट. हा निर्णय सॉफ्टवेअरवाल्यांनी परस्पर घेऊ नये, तुम्ही घ्यावा.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे आणि उपायाला सगळ्यात सोपी. फोन टेबलावर पडलेला असतो आणि एसएमएसच्या पहिल्या ओळी कुलूपबंद स्क्रीनवरही झळकू शकतात. त्या लपवायच्या की नाही हे ज्याचा फोन त्याच्या हातात आहे, तुमच्या नाही. तुमच्या हातात फक्त मजकूर. त्यात तपासणीचं नाव, विभागाचं नाव, ‘उपाशीपोटी या’सारखी सूचनाही नको. वेळ, तारीख आणि बदल करायचा असल्यास फोन नंबर. पुढचं सगळं रुग्ण फोन करून विचारेल किंवा आधीच कागदावर दिलेलं असेल. पाठवणाऱ्याच्या नावातही आजार दिसतो, तेही एकदा तपासा.

बिलाचं कारण एसएमएसच्या मापात आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरं बसतात. देवनागरीत रूढ पद्धतीने ७० आणि मेसेज लांबून त्याचे तुकडे पडले तर दर तुकड्यात ६७. यात काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण हे सगळं स्वतंत्र मोजलं जातं. ‘क्रमांक’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, मोजणीत ती सात होतात. इंग्रजी मजकुरात एकच देवनागरी अक्षर किंवा एखादं स्मितहास्याचं चित्र घुसलं, तरी अख्खा मेसेज सत्तरच्या मापाने मोजला जातो. यासाठी मराठी सोडू नका. ‘आपणांस नम्रपणे स्मरण करून देण्यात येते की’ हे सोडा.

प्रश्न : माझी बहीण दुसऱ्या खंडात राहते. तिच्या वाढदिवसाला रात्री बाराच्या ठोक्याला शुभेच्छा पोचाव्यात म्हणून मेसेज आधीच लावून ठेवायचा आहे. काय काळजी घेऊ?

उत्तर : बारा तिच्या घड्याळातले, हे आधी ठरवा. बहुतेक ॲप तुम्ही लावलेली वेळ *तुमच्या* घड्याळाप्रमाणे धरतात. मग तिच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात का, ते बघा. महिनाभर आधी फरक मोजून ठेवलात आणि मधे त्यांनी काटे हलवले, तर शुभेच्छा तासभर चुकतील. काटे पुढे सरकतात त्या रात्री काही ठिकाणी दोन ते तीन हा तास अस्तित्वातच नसतो आणि परत मागे येतात त्या रात्री तो दोनदा येतो. यंत्रणा बांधणाऱ्यांनी म्हणूनच ‘अमुक तास मागे’ असं न साठवता ठिकाणाचं नाव आणि तिथली वेळ साठवायची असते.

आणखी एक गोष्ट. जीमेलने २०१९ मध्ये ‘नंतर पाठवा’ ही सोय दिली. त्यात पत्र सर्व्हरवर थांबतं, तुमचा फोन बंद असला तरी जातं. एसएमएसच्या ॲपमध्ये लावलेला मेसेज मात्र बहुधा तुमच्या फोनमध्येच बसून असतो. त्या घटकेला फोन चालू आणि नेटवर्कमध्ये हवा. ती लवकर झोपत असेल तर सकाळी सातचा लावा, माझं ऐका.

प्रश्न : फोन दोन दिवस बंद होता. चालू केल्यावर ‘सवलतीचे शेवटचे दोन तास’ असा कालचा मेसेज आला. याला काय म्हणावं?

उत्तर : आळस म्हणावा. बंद फोनसाठीचे नोटिफिकेशन गूगलची यंत्रणा चार आठवड्यांपर्यंत सांभाळून ठेवते, आणि पाठवणाऱ्याने काहीच सांगितलं नाही तर हीच मुदत धरते. दोन तासांची सवलत असेल तर मुदत दोन तासांची लावायची. एक आकडा लिहायचा असतो, तो कोणी लिहिलेला नाही.

प्रश्न : मी एकटा राहतो, वय झालं आहे. माझं काही बरंवाईट झालं तर महत्त्वाच्या कागदपत्रांची माहिती भाचीला आपोआप मिळावी, अशी सोय आहे का? जिवंतपणी मात्र तिला काही जायला नको.

उत्तर : आहे. गूगल खात्यात २०१३ पासून ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. खात्यात किती काळ हालचाल नसली तर ते निष्क्रिय धरायचं, हे तुम्ही ठरवता. कमीत कमी मुदत तीन महिन्यांची. दहा जणांपर्यंत नावं देता येतात आणि कोणाला काय दाखवायचं हेही वेगवेगळं ठरवता येतं. मुदत संपली की तुम्ही आत्ता लिहून ठेवलेलं पत्र त्यांना जातं.

काहीतरी घडलं म्हणून मेसेज जाणं सोपं. इथे मेसेज सुटतो तो काहीच न घडल्यामुळे. पण गप्प असणं म्हणजे नसणं नव्हे. माणूस इस्पितळात असेल, पासवर्ड विसरला असेल, कंटाळून फोन ठेवून दिला असेल. ही सोय मला पटते ती याचा विचार केलेला आहे म्हणून. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी ती तुम्हालाच एसएमएस आणि ईमेल करून विचारते. आयफोनमध्ये २०२३ साली आलेल्या ‘चेक इन’ची रीतही तीच. घरी पोचायला उशीर झाला तर ते आधी तुम्हाला विचारतं आणि उत्तर आलं नाही तरच तुमच्या माणसाला कळवतं. एकटं राहणाऱ्यांना तेही उपयोगी आहे. तीन महिने थांबावं लागत नाही.

उलट्या बाजूची एक अडचण लक्षात ठेवा. हालचाल मोजताना गूगल तुमचा अँड्रॉइड फोन अधूनमधून सर्व्हरशी संपर्क साधतो, तोही धरतं. तुमच्या पश्चात कोणी फोन चार्जिंगला लावून ठेवला, तर पत्र सुटायला उशीर होऊ शकतो. त्यामुळे तातडीचं काही यावर सोपवू नका. इच्छापत्र कुठे आहे हे भाचीला तोंडी सांगून ठेवा.

आणि भाचीचा सध्याचा फोन नंबर तिथे भरा. कागदपत्रं उघडण्याआधी ती खरंच तीच आहे ना, हे त्या नंबरवरून तपासलं जातं. तिने नंबर बदलला की तुम्हीही तिथे बदला. माहिती उतरवून घ्यायला तिला तीन महिने मिळतात, हेही पत्रात लिहून ठेवा.